बनुबाईच्या मांडीतलं शिसं

कवठे महांकाळच्या बाजारात बायका अजूनही बनुबाईला गाठतात आणि विचारतात, "मावशी, तुमच्या मांडीत बंदुकीची गोळी हाय म्हणं. खरं का?"

बनुबाई डोक्यावरची पाटी उतरवून खाली ठेवते. एका पायावर भार देऊन उभी राहते.

"गोळी न्हाई गं. गोळी डाक्तरीणबाईनं काढली. तिचा चुरा ऱ्हायलाय आत, ज्वारीच्या कणीगत. समदा काढायला गेलं तर पायच जायचा म्हणाल्या, म्हणून ठेवलाय."

"दुखतं का?"

"थंडीत ठणकतं. तेवढं चालायचंच."

ऐकणारीला वाटतं, आता ही गोळी मारणाऱ्याला चार शिव्या हासडणार. पण बनुबाई सांगत बसते ती त्या दिवशी कुणीकुणी काय केलं ते. कुणी पाय बांधला, कुणी पाठीवर घेतलं, कुणी उशाला बसून पेज भरवली. पहिली दोन्ही नावं गोळी मारणाऱ्याचीच निघतात, तेव्हा बायका एकमेकींकडं बघतात. मीही पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला नीट कळलं नव्हतं. मग एकदा तिच्या घरी जाऊन सगळं सुरुवातीपासून ऐकलं.

बनुबाई धनगराची. माहेर जतकडचं, सासर कवठ्याच्या पूर्वेला, माळावरच्या वस्तीवर. कालव्याचं पाणी आता जवळ आलंय, पण तिचं लग्न झालं तेव्हा तिथं कुसळं आणि दगडं यांच्याशिवाय काही पिकत नव्हतं. दिवाळी झाली की सगळी वस्ती मेंढरं घेऊन पश्चिमेला निघायची. घोड्याच्या पाठीवर बिऱ्हाड, बिऱ्हाडावर बांधलेल्या कोंबड्या, आणि मागं चालणाऱ्या बाया. तासगाव, विटा, कऱ्हाड करत उंब्रजच्या पुढं डोंगराच्या पायथ्याला जायचं. तिथले ऊसवाले शेतकरी खतासाठी मोकळ्या रानात मेंढरं बसवून घेत. नवरा बिराप्पा पुढं चालायचा आणि बनुबाई मागं, लंगडी मेंढी आणि नुकतं जन्मलेलं कोकरू सांभाळत.

चालणं हा तिचा संसार होता. मुलगा बिरदेव वाटेवरच झाला, पलूसच्या अलीकडं एका आंब्याखाली. अडलेली मेंढी सोडवावी ती बनुबाईनंच, असं तांड्यातले लोक म्हणत. तिचा हात बारीक आणि मऊ होता, आणि मेंढी तिच्या आवाजाला गप उभी राहायची.

उंब्रजच्या पुढच्या त्या गावात ज्यांच्या रानात ते वर्षानुवर्षं उतरत, त्यांच्या शेजारचं रान कृष्णातचं. कृष्णात फौजेतनं निवृत्त होऊन आलेला. फौजेत तो कोतात होता, म्हणजे पलटणीच्या हत्यारांच्या कोठारात. बंदूक उघडायची, पुसायची, दुरुस्त करायची, हेच त्यानं उमेदीची सगळी वर्षं केलं. गावी आल्यावर त्यानं परवाना काढून एक रायफल घेतली. डोंगरातली रानडुकरं उसात घुसून एका रात्रीत वाफेच्या वाफे लोळवत. त्यांना हुसकायला बार काढायचा, एवढंच त्याचं सुरुवातीचं काम.

पण हातात बंदूक आणि दाराशी डोंगर. डोंगरात भेकरं होती. भेकर म्हणजे शेळीएवढं तांबूस हरीण, कुत्र्यासारखं भुंकणारं. त्याची शिकार कायद्यानं बंद आहे हे कृष्णातला ठाऊक होतं, गावालाही ठाऊक होतं. तरी मित्र म्हणत, "मेजर, एकदा दाखवा की तुमचा नेम." आणि एकदा म्हणता म्हणता ती सवय झाली.

पहिलं भेकर त्यानं भरीव गोळीनं मारलं. गोळी आरपार गेली आणि भेकर पळालं. रक्ताचा माग ओढ्यात हरवला. काही दिवसांनी कावळे कुठं घिरट्या घालतात ते बघत तो गेला, तर ते करंजाखाली मरून पडलं होतं. त्याची अवस्था बघून कृष्णात त्या दिवशी जेवला नाही. दुसऱ्या कुणी बंदूक ठेवून दिली असती. कृष्णातनं वेगळाच विचार केला. मारायचं तर जनावर जागेवर बसलं पाहिजे, त्याला तरास होता कामा नये.

त्यासाठी तो स्वतः गोळ्या ओतायला लागला. ट्रकच्या चाकाचा तोल साधायला शिशाची वजनं लावतात, ती गॅरेजमधनं आणायची. लोखंडी कढईत वितळवायची, वर आलेली मळी पळीनं काढून टाकायची आणि पकडीसारख्या साच्यात रस ओतायचा. साच्यात टोकाच्या बाजूला एक खिळा होता. तो निघाला की गोळीच्या नाकाला भोक राही. अशी पोकळ गोळी अंगात शिरली की पुढनं उमलते, आणि जनावर पळत नाही. हे काम तो गोठ्यात करायचा, कारण बायको रेश्मानं पहिल्याच दिवशी त्याची कढई चुलीवरनं उचलून अंगणात ठेवली होती.

"माझ्या चुलीवर हे इख नगं," ती म्हणाली होती.

"अगं, जनावराला तरास हू नये म्हणून तर करतोय."

"मारायचंच न्हाई, हे का सुचत न्हाई तुमास्नी?"

कृष्णातनं कढई उचलून गोठ्यात नेली. तिथं ती चालूच राहिली.

पौष महिना होता. कृष्णेच्या खोऱ्यात सकाळी धुकं एवढं दाट येतं की बांधावरचं झाड दिसत नाही. उजाडल्यावर बनुबाईनं वाघर उघडली. वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची दोरीची जाळी. मेंढरं बाहेर पडताना तिच्या लक्षात आलं, बाळी नावाची गाभण मेंढी त्यात नाही. जाळीचा एक खुंटा उपटला होता आणि तिथनं ती निसटली होती. व्यायला आलेली मेंढी आडोसा शोधते. बनुबाईनं तपकिरी घोंगडं डोक्यावरनं घेतलं आणि ती डोंगराच्या अंगाला चढायला लागली.

करवंदीच्या जाळीत मेंढी सापडली. कोकराचा एकच पाय बाहेर आला होता. दुसरा आत मुडपला होता. बनुबाई गुडघ्यावर बसली आणि मेंढीशी हळू बोलत तिनं हात घातला.

खाली घळीच्या पलीकडं कृष्णात बसला होता. धुक्यातनं त्याला जाळीत तपकिरी काहीतरी हललेलं दिसलं. खाली वाकलेलं, परत वर झालेलं. चरणारं भेकर असंच दिसतं. फौजेत त्याला पहिल्या दिवशी शिकवलं होतं की निशाण ओळखल्याशिवाय घोड्याला बोट लावायचं नाही. त्यानं बोट लावलं.

गोळी आधी जाळीपुढच्या दगडाच्या कडेला घासली. म्हणूनच बनुबाई आज जिवंत आहे. दगडावर गोळीचं नाक फुटलं, आणि मागचा तुकडा आणि पुढचा चुरा बनुबाईच्या मांडीत घुसला.

"आवाज आला, आन् मला वाटलं मेंढीनं लाथ मारली," बनुबाई मला म्हणाली. "मग बघितलं तर लुगडं भिजलेलं. गरम. मला वाटलं, कोकराचंच पाणी हाय."

कृष्णात सुरा काढून पळत आला. जाळी बाजूला केली आणि जागीच उभा राहिला. त्याच्या हातातला सुरा खाली पडला.

"आई गं," एवढंच तो बोलला.

आजूबाजूला माणूस नव्हतं. धुक्यात त्याला कुणी बघितलं नव्हतं. घळीनं खाली उतरून तो घरी गेला असता तर कोणी मारली हे कदाचित कधी कळलंही नसतं. बनुबाई ही गोष्ट सांगताना इथं दरवेळी थांबते. "त्याच्या तोंडाकडं मी बघत हुते," ती म्हणते. "त्यानं एकदा मागं बघितलं. एकदाच. मग कंबरंचा पट्टा सोडला."

त्यानं तो पट्टा तिच्या मांडीला जखमेच्या वर आवळला. मफलर जखमेवर दाबून बांधला.

"मावशी, हलू नगा. माज्याकडं बघा. डोळं मिटू नगा."

"मेंढी अडलीया," बनुबाई म्हणाली.

"काय?"

"कोकराचा पाय मुडपलाय आत. त्यांस्नी हाक मार. मेंढी मरंल."

त्यानं तिला पाठीवर घेतलं आणि उतरायला लागला. उतरता उतरता तो खालच्या रानाच्या दिशेनं ओरडत होता, "बिराप्पाअण्णा! वर या! जाळीत मेंढी अडलीया!" बिराप्पा हाक ऐकून वर निघाला तर समोर धुक्यातनं रक्तानं माखलेला कृष्णात, आणि त्याच्या पाठीवर बनुबाई.

"काय झालं? कुणी केलं?"

"म्या मारली, अण्णा. भेकर समजून. आदी दवाखान्यात नेऊ, मग मला काय करायचं ते करा."

बिराप्पाच्या हातात काठी होती. ती त्यानं उगारलीही. पाठीवरनं बनुबाई म्हणाली, "आवं, त्याला पाडलं तर मी बी पडंन." बिराप्पानं काठी टाकली आणि तिचे पाय धरले. दोघांनी मिळून तिला रस्त्यावर आणलं. कृष्णातच्या चुलतभावाची पिकअप होती, तिच्यात घोंगडं अंथरलं. सून सोनम वर मेंढीकडं धावली. कोकरू वाचलं, मेंढी मात्र गेली.

कऱ्हाडच्या दवाखान्यात दारातच कृष्णातनं सांगून टाकलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी विचारलं, "कशानं लागलंय?"

"गोळी हाय म्याडम. म्या मारलेली. घरी ओतलेली शिशाची, नाकाला पोकळ. शिसं कडक व्हतं आन् दगडावर आपटलीया, म्हंजे फुटलीच असणार. एक तुकडा गावला म्हणून थांबू नगा, अजून असत्याल."

डॉक्टरीणबाईंनी लगेच एक्स-रेला सांगितलं. मग म्हणाल्या, "बरं झालं लगेच सांगितलंत. आता बाहेर थांबा."

एक्स-रेमध्ये मांडीत पांढरे ठिपके दिसले, चांदण्यासारखे विखुरलेले. मोठा तुकडा आणि हाताला लागले तेवढे बारीक तुकडे त्यांनी काढले. बाकीचे शिरेला लागून होते, ते ठेवले. पुढं बरेच महिने तिचं रक्त तपासत राहिल्या, शिसं अंगात उतरतंय का ते बघायला. बनुबाईला त्यांचं नाव नीट घेता येत नाही, पण रोज सकाळी देवापुढं दिवा लावताना ती "डाक्तरीणबाईला सुखी ठेव" असं म्हणते.

शस्त्रक्रिया चालू असतानाच कृष्णात उठून पोलीस चौकीत गेला. रायफल, साचा, कढई सगळं त्यानं स्वतः दिलं. वनखात्याचे लोक आले तेव्हा आधी मारलेल्या भेकरांचंही त्यानं लपवलं नाही.

दवाखान्यात दुसऱ्या दिवशी रेश्मा आली. पदर घट्ट आवळून दाराशी उभी राहिली. आत यायचं धाडस होईना. खाटेशी सोनम बसली होती, ती फणकाऱ्यानं म्हणाली, "आता काय बघायला आलाईसा?"

रेश्मानं डबा पुढं केला. "पेज हाय. त्यांस्नी द्या. मी हितंच भायेर बसते."

ती खरंच बाहेर व्हरांड्यात बसून राहिली. तिसऱ्या दिवशी सोनमला रानातल्या बिऱ्हाडावर तिच्या लहानग्याकडं जावं लागलं. मेंढरं सोडून बिराप्पाला आणि बिरदेवला येता येईना. तेव्हा बनुबाईनंच हाक मारली, "ये गं आत. वाऱ्यात बसू नगंस."

तिथनं पुढं घरी सोडेपर्यंत रेश्मा तिच्या उशाशी होती. तिनं पेज भरवली, वेणी घातली, लुगडी धुतली, बेडपॅन दिला. नवरा कोठडीत, गावात तोंड दाखवायची चोरी, आणि ही बाई रोज एसटीनं येत होती. एकदा पाय दाबताना ती रडायला लागली. बनुबाई म्हणाली, "तू का रडतीस? तू तर चुलीवरनं कढई उचलून ठेवली हुतीस म्हणं." रेश्मा म्हणाली, "ठेवली, पर फेकली न्हाई, मावशी." त्या दोघींची गाठ तिथं बसली ती अजून सुटलेली नाही.

खटल्याच्या आधी कृष्णातचे भावकीतले लोक कवठ्याला आले. चहा घेऊन झाल्यावर त्यातला वडीलधारा म्हणाला, "बाई, पोरगं वाईट न्हाई. तुमी एवढंच सांगा, की डुकराच्या मागं पळताना चुकून बार उडाला. भेकराचं नाव नगं."

ते गेल्यावर बिराप्पा म्हणाला, "भेकराचं कशाला, सांग की मला बघून मारली. जाणून मारली. जन्मभर बसू दे आत."

बनुबाईनं दोघांचंही ऐकलं. कोर्टात ती कुबडीवर उभी राहिली. वकिलानं विचारलं, तुम्ही आरोपीला माफ केलं आहे का.

"माफ करायचं का न्हाई ते सायब बघत्याल," ती म्हणाली. "मला जे म्हायती हाय ते मी सांगते. गोळी ह्यानं मारली, भेकर समजून. आन् मला पाठीवर घिऊन ह्योच आला. पळून जायला वाट व्हती, तरी गेला न्हाई. दोन्ही लिवून घ्या. एकच लिवू नगा."

कृष्णातनं गुन्हा कबूल केला. त्याला शिक्षा झाली, परवाना कायमचा गेला. शिक्षा ऐकताना तो मान खाली घालून उभा होता. बाहेर नेताना तो बनुबाईपुढं थांबला आणि त्यानं हात जोडले. तीच म्हणाली, "जा बाबा. भोगून ये. घरी रेश्मा हाय, मी हाय."

बनुबाईसाठी खरा कठीण काळ पुढं आला. पहिल्या दिवाळीनंतर मेंढरं निघाली आणि ती मागं राहिली. घोड्यावर बिऱ्हाड चढलं, कोंबड्या बांधल्या. सोनम तिच्या जागी, सगळ्यात मागं चालायला लागली. बनुबाई वस्तीच्या तोंडाशी उभी होती. धूळ खाली बसली तरी उभीच होती. त्या हिवाळ्यात तिला घर खायला उठलं. एका जागी राहायचं म्हणजे काय करायचं, हेच तिला माहीत नव्हतं. अंधार पडला की ती उगीच अंगणातले रिकामे खुंटे मोजायची.

मग हळूहळू तिनं शिकून घेतलं. कालव्याचं पाणी आल्यापासून घराजवळच्या तुकड्यात ज्वारी आणि थोडी भाजी होते. ती बसून खुरपायची. वस्तीवरच्या अडलेल्या शेळ्या, म्हशी आता तिच्या दाराशी यायला लागल्या. सोनमचं लहानगं तिच्याकडं राहायला लागलं, आणि वस्तीवरचं ते पहिलं पोर ठरलं ज्याची शाळा चालण्यापायी बुडाली नाही. "मी चालत ऱ्हायले असते तर हे कुठलं घडायला?" बनुबाई म्हणते. म्हणते आणि लगेच पुढं जोडते, "तरी बी चालायला मिळालं असतं तर बरं झालं असतं." ती खोटं बोलत नाही.

शिक्षा भोगून सुटल्यावर कृष्णात रेश्माला घेऊन कवठ्याला आला. दोघं अंगणाच्या कडेला चपला काढून उभी राहिली. कृष्णात वाळला होता, केस पांढरे झाले होते. त्यानं वाकून बनुबाईच्या पायाला हात लावला, तो नेमका दुखऱ्या पायाला. तिनं त्याला उठवलं.

"आत ये. आदी पाणी पी."

बिराप्पा त्या वेळी गोठ्याच्या छपरावर होता. वाऱ्यानं पत्रा उचकटला होता, तो एकटाच बसवायला बघत होता. त्यानं पाहुणे बघितले आणि तोंड फिरवलं. पत्रा एका बाजूनं धरला की दुसऱ्या बाजूनं उठत होता. कृष्णात पाणी न पिता तिकडं गेला आणि खाली उभा राहिला. रेश्मा आणि बनुबाई दारातनं बघत होत्या.

शेवटी वरनं बिराप्पा खेकसला, "नुसता बघत काय ऱ्हायलास? त्यो पत्रा धर की."

कृष्णातनं पत्रा धरला. बिराप्पानं खिळे ठोकले. काम संपल्यावर दोघं एकाच घमेल्यात हात धुऊन जेवायला बसले. बनुबाईनं भाकरी आणि कुळथाचं माडगं वाढलं. कृष्णातच्या ताटातली भाकरी संपलेली दिसल्यावर बिराप्पानं टोपली त्याच्याकडं सरकवली.

गेल्या वर्षापासून मेंढरं कृष्णातच्याच रानात बसतात. कृष्णात सकाळी वाघरीचे खुंटे बघून घट्ट करतो. गावात कुणी डोंगराकडं बंदूक घेऊन निघालेला दिसला तर त्याच्या घरी जाऊन बसतो आणि आपली गोष्ट सांगतो. काहीजण ऐकतात, काहीजण हसून घालवतात. बनुबाई पौषात एसटीनं चार दिवस तिकडं जाऊन येते. रेश्मा स्टँडवर उतरवून घ्यायला येते. दोघी उन्हाला बसून शेंगा फोडतात आणि सुनांच्या, पोराबाळांच्या गप्पा मारतात.

मी बनुबाईला विचारलं, "खरंच राग येत नाही?"

"आला हुता की. लय आला हुता. पर बघा, त्या डोंगरात मी एकटी व्हते. ज्यानं मारलं त्याच्याबिगर उचलायला दुसरं कोण हुतं? त्यानं उचललं. मग पुढची समदी माणसं मला भेटली, डाक्तरीणबाई, रेश्मा, समदी. रागाला मी किती जागा देऊ?"

बोलता बोलता तिचं लक्ष अंगणात गेलं. लहानगं शाळेचं दप्तर उंबऱ्यातच टाकून शेळीच्या करडामागं धावत होतं. "आरं, आदी हातपाय धू!" असं ओरडत ती भिंतीला धरून उठली आणि पाण्याची बादली घेऊन त्याच्याकडं निघाली.